उंच मुलीला कोणाचा खेळ दाखवावा? माझं उत्तर: डर्क नोवित्स्की

निनाद_ठाणे

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी नववीत आहे. वर्गात सगळ्यांत उंच. शाळेच्या बास्केटबॉल संघात तिची निवड झाली तीच मुळी उंची बघून. आता सरांचा हुकूम एकच: रिंगखाली उभी राहा, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) घे, चेंडू गार्डला (चेंडू पुढे नेणाऱ्या मुलीला) दे. लांबून शॉट मारला की थेट बाकावर. तिचा हात मात्र छान आहे. सोसायटीच्या कोर्टवर फ्री थ्रो लाइनवरून (फाउल झाल्यावर मोकळा शॉट मिळतो त्या रेषेवरून) मारते तेव्हा बऱ्याचदा चेंडू रिंगला शिवतही नाही, नुसती जाळी हलते.

म्हणून मी तिला डर्क नोवित्स्कीचे जुने सामने दाखवायला घेतले आहेत. सात फुटांचा माणूस, पण रिंगखाली गर्दीत उभा राहण्याऐवजी बाहेरून नेम धरायचा. त्याच जोरावर एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, २१ हंगाम खेळला आणि सगळेच्या सगळे डॅलस मॅव्हरिक्सकडून. एकाच संघाकडून इतके हंगाम दुसरा कोणीही खेळलेला नाही. ३१,५६० गुण, १४ वेळा ऑल-स्टार, २००७ चा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), २०११ चं विजेतेपद.

माझं मत सांगतो. त्याच्या कारकिर्दीतून मुलांनी शिकावं असं जे आहे ते २०११ च्या करंडकात कमी आणि २००७ च्या पराभवानंतर त्याने स्वतःच्या खेळात जी भर घातली त्यात जास्त आहे. घरात मात्र एकमत नाही. बायकोचं म्हणणं, सर सांगतात ते आधी नीट शिकू दे. तुम्हाला काय वाटतं? उंच मुलांना आधी रिंगखालचा खेळ शिकवावा की आधी हात बसवावा?

उगाच_विचारतो

मी पक्का क्रिकेटवाला, त्यामुळे पहिली शंका माझी. २००७ साली तो सर्वोत्तम खेळाडू ठरला असं तुम्हीच लिहिलंय, मग त्याच साली पराभव कसला?

आकडेमोड

@उगाच_विचारतो, प्रश्न बरोबर जागी विचारलात. २००६-०७ च्या हंगामात डॅलसने ८२ पैकी ६७ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वांत जास्त. डर्कची फील्ड गोलची (फ्री थ्रो सोडून बाकी सगळ्या शॉटची) टक्केवारी ५० च्या वर, तीन गुणांच्या शॉटची ४० च्या वर आणि फ्री थ्रोची ९० च्या वर होती. हे तिन्ही एका हंगामात जमवणारे फार थोडे. एमव्हीपी हा किताब साखळी सामन्यांतल्या कामगिरीवर मिळतो आणि तो मिळवणारा डर्क हा पहिला युरोपीय खेळाडू.

प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत गाठ पडली आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सशी. आणि हरले, ४-२. पहिली फेरी सात सामन्यांची झाल्यापासून आठव्याने पहिल्याला घरी पाठवण्याची ती पहिलीच वेळ. सहाव्या सामन्यात डर्कचे १३ पैकी २ शॉट आत गेले, एकूण गुण ८. एमव्हीपीचा करंडक हातात पडला तेव्हा त्याचा संघ स्पर्धेतून कधीच बाहेर गेला होता.

श्रीरंग_पुणे

त्या मालिकेची खरी गंमत बाकावर बसली होती. वॉरियर्सचा कोच होता डॉन नेल्सन, ज्याने १९९८ मध्ये डर्कला डॅलसमध्ये आणलं आणि पहिली काही वर्षं घडवलं, तोच. डर्कला कशाचा त्रास होतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याने डर्कच्या अंगावर थोराड सेंटर (रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू) घातलाच नाही. स्टीफन जॅक्सनसारखे त्याच्याहून कमी उंचीचे, चपळ खेळाडू घातले. ते अंगाला चिकटून राहायचे, चेंडू घेऊन रिंगकडे तोंड करायला जागाच द्यायचे नाहीत. डर्कचा तोवरचा सगळा खेळ बाहेर उभं राहून, रिंगकडे बघत खेळण्याचा. लहानखुऱ्या बचावपटूला पाठीवर घेऊन मारायची सवय त्याला नव्हती.

सामना हरल्यावर त्याने ओकलंडच्या त्या स्टेडियममध्ये कचऱ्याचा डबा उचलून भिंतीवर भिरकावला. भिंतीला पडलेलं भोक तिथल्या लोकांनी तसंच जपून ठेवलं आणि पुढे कधीतरी डर्कने त्यावर सहीही केली.

रेवा_नागपूर

मी विद्यापीठाकडून सेंटर म्हणून खेळलेय, त्यामुळे या धाग्यावर दुसरी बाजू मांडणं मला भाग आहे.

निनाद, तुम्ही सरांना जरा लवकर खलनायक ठरवताय. रिंगखाली उभं राहणं ही शिक्षा नाही. बॉक्स आउट करणं (प्रतिस्पर्ध्याला पाठीमागे अडवून रिंगपासून दूर ठेवणं), अंग लावून जागा धरणं, चेंडू रिंगला लागून कुठल्या बाजूला उडणार याचा अंदाज घेणं, हे सगळं कोवळ्या वयात शिकलं तरच अंगात मुरतं. लांबून मारायला नंतरही शिकता येतं. आमच्या इथे मी उंच मुली पाहिल्यात ज्यांना थ्री मारायचा नाद लागला आणि अंगावर कोणी आलं की त्या चक्क मागे सरकायच्या. संघाला अशा सेंटरचा काय उपयोग?

आणि श्रीरंग यांनी लिहिलंय तेच बघा ना. डर्क २००७ ला हरला कारण त्याला पोस्टमध्ये, म्हणजे रिंगकडे पाठ करून बचावपटूला अंगावर घेत, खेळता येत नव्हतं. मग निनाद, तुमचंच उदाहरण सरांच्या बाजूने जातंय.

निनाद_ठाणे

रेवाताई, मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. डर्कने पोस्टमधला खेळ शिकला तो २८-२९ व्या वर्षी, एमव्हीपी झाल्यानंतर. हात आधीच बसलेला होता म्हणून त्याला तो खेळ स्वतःच्या पद्धतीने शिकता आला. फ्री थ्रो लाइनच्या आसपास चेंडू घ्यायचा, पाठ लावून दोन पावलं मागे रेटायचं, आणि मग एका पायावर मागे झुकत, दुसरा गुडघा बचावपटू आणि आपल्यामध्ये उचलून शॉट. सात फुटांचा माणूस मागे झुकून डोक्यावरून चेंडू सोडतोय, त्याला अडवणार कोण? शॅकसारखा (धिप्पाड सेंटर शॅकिल ओ'नील) रेटारेटीचा पोस्ट त्याने कधीच खेळला नाही. नंतर केव्हिन ड्युरंट, लेब्रॉन जेम्स यांनीही तो एका पायावरचा शॉट उचलला.

म्युनिकची_मंजिरी

जर्मनीतून लिहितेय, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांबद्दल थोडं.

डर्क व्युर्त्सबुर्गचा, जन्म १९७८. आई हेल्गा जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलपटू. तो स्वतः आधी हँडबॉल आणि टेनिस खेळायचा. पंधरा-सोळाच्या वयात होल्गर गेश्विंडनरची नजर त्याच्यावर पडली. हा गेश्विंडनर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जर्मन संघाचा कर्णधार होता. भौतिकशास्त्र आणि गणित शिकलेला, डोक्याने अफाट आणि वागायला विक्षिप्त माणूस. त्याने या पोराला वेगळं काढून शिकवायला घेतलं. बाम्बेर्गजवळच्या राटल्सडोर्फ नावाच्या गावातल्या एका साध्या व्यायामशाळेत. वजनं उचलण्यावर भर नाही. त्याऐवजी हातांवर चालणं, नाव वल्हवणं, तालावर पावलं टाकणं. एक जॅझ सॅक्सोफोनवादक मित्र तिथे येऊन वाजवायचा आणि त्या लयीत पोरं ड्रिबल करायची. डर्कला त्याने सॅक्सोफोन शिकायलाही लावलं.

मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते पुढचं. एनबीएत नाव झाल्यावरही डर्क उन्हाळ्यात त्याच व्यायामशाळेत, त्याच माणसाकडे परत यायचा. २००७ च्या त्या पराभवानंतर दोघं ऑस्ट्रेलियात पाठीवर पिशवी टाकून भटकायला गेले. एमव्हीपी, आणि कोणी ओळखू नये अशा ठिकाणी जाऊन राहतोय!

उगाच_विचारतो

आचरेकर सर आणि सचिन आठवले. चालू द्या, वाचतोय.

डॅलसवासी

धाग्याबद्दल निनाद यांचे मनापासून आभार. मी डॅलसजवळच्या प्लेनोत राहतो आणि डर्कच्या कारकिर्दीचा बराच भाग इथेच बसून पाहिलाय.

आज पुतळे आणि रस्त्याची नावं दिसतात, पण सुरुवात फार वाईट होती. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) मिल्वॉकीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच दिवशी डॅलसने सहाव्या क्रमांकावर घेतलेल्या रॉबर्ट ट्रेलरच्या बदल्यात तो इकडे आला. ट्रेलर अमेरिकन कॉलेजात नाव कमावलेला, हा जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतून आलेला विशीतला पोरगा. लोकांनी नेल्सनला वेड्यात काढलं. त्यात तो हंगाम मालक-खेळाडू वादामुळे उशिरा सुरू झाला, ८२ ऐवजी ५० सामन्यांचा. डर्कची सरासरी ८.२ गुण. अंगाने काडी, बचावात कोणीही ढकलून पुढे जायचं. जर्मनीला परत जावं असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

तो टिकला याचं बरंच श्रेय स्टीव्ह नॅशला. नॅशही त्याच १९९८ च्या ड्राफ्टच्या दिवशी फिनिक्सहून डॅलसला आला. दोघंही परदेशी, दोघांनाही प्रेक्षक हुर्यो करायचे, आणि दोघंही रात्री उशिरा कोर्टवर जाऊन शॉट मारत बसायचे.

लेकरभक्त_८_२४

मग त्या नॅशचं काय केलं डॅलसने? २००४ मध्ये वयाचं आणि पाठीचं कारण काढून हवे तेवढे पैसे देऊ केले नाहीत, तो फिनिक्सला गेला आणि लागोपाठ २००५ आणि २००६ चा एमव्हीपी झाला. डर्कच्या निष्ठेचे गोडवे गाताना हेही लक्षात असू द्या. त्याचा मित्र गेला तेव्हा त्याने थांबून राहायचं ठरवलं. ही निष्ठा की सवय?

माझं मत सरळ आहे. डर्क दुसरीकडे गेला असता तर एकाऐवजी तीन विजेतेपदं असती. आमच्या लेकर्सच्या कोबी ब्रायंटला शॅक मिळाला, पाव गॅसोल मिळाला. डर्कला एकदाही दुसरा अव्वल खेळाडू मिळाला नाही.

डॅलसवासी

@लेकरभक्त, दुसरीकडे जायची संधी त्याला तुमच्याच संघाने दिली होती. २०१४ मध्ये लेकर्स आणि ह्यूस्टन दोघांनी कमाल रकमेचा, म्हणजे चार वर्षांत सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलरचा प्रस्ताव ठेवला होता अशी बातमी होती. त्याने डॅलसशी तीन वर्षांचा २ कोटी ५० लाखांचा करार केला, संघाला दुसरे खेळाडू घ्यायला पैसे राहावेत म्हणून. सवयीपोटी कोणी एवढी रक्कम सोडत नाही.

तीन विजेतेपदं असती म्हणता. असतीलही. पण इथल्या शाळांतली पोरं आजही ४१ नंबर घालून हिंडतात, ती त्या एका विजेतेपदामुळे आणि तो कुठेही गेला नाही यामुळे. (राष्ट्रीय संघात त्याचा नंबर १४. डॅलसमध्ये तो आधीच दुसऱ्याकडे होता, म्हणून आकडे उलटे करून ४१ घेतला.)

श्रीरंग_पुणे

२००६ चा उल्लेख कोणीच करत नाही? अंतिम फेरीत मायामीविरुद्ध २-० ने पुढे. तिसऱ्या सामन्यात शेवटची साडेसहा मिनिटं उरलेली आणि १३ गुणांची आघाडी. तिथून तो सामना ९८-९६ ने घालवला. शेवटच्या काही सेकंदांत डर्कला दोन फ्री थ्रो मिळाले होते, दुसरा पडला असता तर बरोबरी होती. तो चुकला. मग सलग चार सामने हरून मालिका गेली.

पाचव्या सामन्यात मायामीच्या ड्वेन वेडला एकट्याला २५ फ्री थ्रो मिळाले. डॅलसच्या अख्ख्या संघाला मिळून तेवढेच मिळाले. सामना ओव्हरटाइममध्ये एका गुणाने गेला, १०१-१००.

लेकरभक्त_८_२४

वेड रिंगकडे धावत होता, डॅलस बाहेरून शॉट मारत होता. रिंगकडे जाणाऱ्यालाच फाउल मिळतात. यात पंचांचा काय दोष?

डॅलसवासी

त्या पाचव्या सामन्यातल्या शेवटच्या शिटीबद्दल इथल्या लोकांशी बोलून बघा. आमच्या गणपतीच्या जेवणावळीतसुद्धा तो विषय निघाला की वरण गार होतं.

श्रीरंग_पुणे

पंचांवर वाद घालायचा तर दुसरा धागा काढू, हा मुलीच्या खेळाबद्दल आहे. मला एवढंच म्हणायचं होतं की २००६ आणि २००७ हे लागोपाठचे धक्के आहेत. एकदा अंतिम फेरीत हातातला घास गेला, पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत नाचक्की. 'मऊ आहे, मोक्याच्या वेळी ढेपाळतो' हा शिक्का तेव्हा बसला आणि चार वर्षं पुसला गेला नाही.

आकडेमोड

आता २०११ लिहितो, कारण त्या प्लेऑफमधले आकडे मला आजही तोंडपाठ आहेत.

दुसऱ्या फेरीत लेकर्सना ४-० (लेकरभक्त, क्षमस्व, शेवटचा सामना १२२-८६). मग ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पहिला सामना: डर्कचे ४८ गुण, १५ पैकी १२ शॉट आत, आणि फ्री थ्रो २४ पैकी २४. चोवीसच्या चोवीस! पाच वर्षांपूर्वी एका फ्री थ्रोसाठी ज्याला लोकांनी खाल्लं, तोच हा.

अंतिम फेरीत पुन्हा मायामी. या वेळी वेडबरोबर लेब्रॉन आणि ख्रिस बॉश. पहिल्या सामन्यात डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध तुटला आणि डॅलस हरलं. दुसऱ्या सामन्यात सात मिनिटं उरली असताना ८८-७३ ने मागे. तिथून ९५-९३ ने जिंकले. डॅलसचे शेवटचे नऊच्या नऊ गुण डर्कचे, आणि विजयी ले-अप त्याच डाव्या हाताने. चौथ्या सामन्यात अंगात ताप, रात्रभर झोप नाही, तरी २१ गुण आणि ११ रिबाउंड. सहाव्या सामन्यात पहिल्या अर्ध्यात १२ पैकी एकच शॉट पडला, तरी मारायचा थांबला नाही. शेवट १०५-९५, मालिका ४-२, अंतिम फेरीचा एमव्हीपी डर्क.

ओंकार_सातारा

तो सहावा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे होता. आम्ही होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बसलो होतो. वेळ संपायच्या आतच डर्क बोर्डाशेजारचं टेबल ओलांडून आत निघून गेला. आम्हाला कळेना, जखमी झाला की काय? नंतर समजलं, रडू आवरेना म्हणून ड्रेसिंग रूममध्ये गेला होता. करंडक घ्यायला त्याला समजावून बाहेर आणावं लागलं.

रेवा_नागपूर

@आकडेमोड, तो संघ एकट्या डर्कचा नव्हता हेही लिहा. शेवटच्या सामन्यात सर्वाधिक २७ गुण जेसन टेरीचे. रिंगखाली टायसन चँडलर होता म्हणून डर्कला बाहेर राहणं परवडलं. चँडलरने पुढच्याच हंगामात सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिळवला. शॉन मॅरियन लेब्रॉनच्या अंगावर, जेसन किड चेंडू फिरवायला. प्रत्येक डर्कमागे एक चँडलर लागतो, आणि शाळेच्या संघात चँडलर होऊ शकेल अशी मुलगी बहुधा एकच असते. सरांची अडचण ती आहे.

निनाद_ठाणे

हे मात्र खरंय. संघात पाच फूट आठ इंचाची दुसरी मुलगी नाही.

ओंकार_सातारा

डॅलस आणि भारत यांचा एक धागा राहिला. २०१५ मध्ये ड्राफ्टमधून ५२ व्या क्रमांकावर सतनाम सिंगला घेतलं ते डॅलसनेच. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच. भारतात जन्मून एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू. मुख्य संघाकडून मात्र त्याला अधिकृत सामना खेळायला मिळाला नाही, खालच्या लीगमध्ये टेक्सास लेजंड्सकडून खेळला. त्याच्या बाबतीतही उंची बघून घेतलं आणि पायांची चपळाई, लांबचा शॉट यांत तो मागे पडला. खेळ तोवर बदलला होता. सात फुटांच्या माणसानेही बाहेरून मारायलाच हवं अशी अपेक्षा तयार झाली होती, आणि ती अपेक्षा तयार करण्यात डर्कचा वाटा मोठा.

२०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना खेळले तेव्हा मी गेलो होतो. सरावात सगळे उंच खेळाडू थ्रीच्या रेषेबाहेरून मारत होते. माझ्या शाळेच्या दिवसांत आमच्या सरांनी ते बघितलं असतं तर शिट्टी फुंकून सगळ्यांना फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

भौतिकवाली

गेश्विंडनरचा उल्लेख आला म्हणून जरा गणित. त्याने डर्कसाठी चेंडू किती कोनात सुटावा याचा हिशेब मांडला होता, तो मुलीला कागदावर काढून दाखवा.

रिंगचा व्यास साधारण ४५ सेंटिमीटर, पुरुषांच्या चेंडूचा २४. चेंडू वरून सरळ खाली आला तर त्याला पूर्ण ४५ चं तोंड मिळतं. तिरका आला की ते तोंड आक्रसतं. ४५ अंशांत आला तर सुमारे ३२ उरतं. ३० अंशांत आला तर साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षाही कमी, तो स्वच्छ आत जाणं शक्यच नाही. म्हणून शॉटला कमान हवी. डर्कचा चेंडू उंच जायचा तो दिसायला छान म्हणून नव्हे. आणि उंच मुलीचा चेंडू मुळातच वरून सुटतो, त्यामुळे तिला तीच कमान कमी जोरात मिळते. उंचीचा हा फायदा रिंगखाली उभं करून वाया जातो, या मुद्द्यावर मी निनाद यांच्या बाजूने.

लेकरभक्त_८_२४

भौतिकवाली, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. भाचा खेळतो, त्याचा चेंडू कायम सपाट जातो.

निष्ठेच्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने लुका डोंचिचला एका रात्रीत आमच्याकडे पाठवलं. २५ वर्षांचा पोरगा, आदल्याच हंगामात संघाला अंतिम फेरीत नेलेला, डर्कच्या शेवटच्या हंगामात त्याच्याच शेजारी खेळलेला. खेळाडूने २१ हंगाम द्यायचे आणि संघाने रातोरात विकायचं, मग मुलांना कसली निष्ठा शिकवायची?

डॅलसवासी

त्या आठवड्यात इथे स्टेडियमबाहेर डर्कच्या पुतळ्यापाशी लोकांनी फुलं ठेवली होती. मी पण गेलो होतो. त्या निर्णयाचं समर्थन माझ्याकडून होणार नाही. डर्क स्वतः लुकाचा पहिला सामना बघायला लॉस एंजेलिसला गेला यातच काय ते आलं.

पण त्याने डर्कची वर्षं खोटी ठरत नाहीत. ९ एप्रिल २०१९, त्याचा घरचा शेवटचा सामना, मी वरच्या मजल्यावर बसलो होतो. घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नीट पळता येत नव्हतं, कोर्टच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना अक्षरशः लंगडत होता. आणि संघाचे पहिले दहा गुण त्याचेच! एकूण ३०. सामन्यानंतर बार्कली, बर्ड, पिपेन, केम्प आणि श्रेम्फ असे त्याचे लहानपणीचे पाच आदर्श एकेक करत कोर्टवर आले. डेटलेफ श्रेम्फ त्याच्याआधी एनबीए गाजवलेला जर्मन. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा नातवाला प्रत्येकाचं नाव सांगत होते आणि मध्येच त्यांचा आवाज बसत होता.

म्युनिकची_मंजिरी

इकडेही त्याचं ऋण मानतात. फुटबॉलपुढे जर्मनीत बाकी खेळांना कोण विचारतो? तरीही २००२ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, २००५ च्या युरोपियन स्पर्धेत रौप्य, दोन्हीकडे सर्वोत्तम खेळाडू डर्क. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जर्मनीचा ध्वज त्याच्या हातात होता. २०२२ मध्ये कोलोनला त्याचा १४ नंबर कायमचा बाजूला ठेवला, आणि पुढच्याच वर्षी मनिलात जर्मनी पहिल्यांदा जगज्जेती झाली. त्या संघातली पोरं त्याला बघतच मोठी झालेली.

बापूकाका

सगळे प्रतिसाद वाचले. नागपाड्याच्या कोर्टवर माझी उमेदीची वर्षं गेली, आता संध्याकाळी पोरांना शिकवतो. निनाद, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, तो मध्येच हरवला.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण शाळेच्या सरांशी भांडून काही साधणार नाही. सामन्यात ते सांगतील ते तिने जीव तोडून करावं. रेवाताई म्हणतात तसं बॉक्स आउट शिकावं. हाताचं काम सामन्याबाहेरचं आहे. रोज रिंगच्या अगदी जवळून, दोन-तीन पावलांवरून, एका हाताने. दुसरा हात फक्त आधाराला. कोपर रिंगच्या दिशेला, बोटं पसरलेली, चेंडू सोडल्यावर मनगट खाली पडलेलं. जवळून दहापैकी आठ-नऊ पडायला लागले की एक पाऊल मागे. थ्रीच्या रेषेपर्यंत जायची घाई नको. मुली लांबून मारायला गेल्या की जोर पुरत नाही, मग चेंडू छातीवरून ढकलतात आणि ती खोड पुढे सुटता सुटत नाही. चेंडू सहा नंबरचाच घ्या, सोसायटीत मोठ्या मुलांचा सात नंबरचा असतो, तो तिला देऊ नका.

आणि पोस्टमध्ये चेंडू आला की फ्री थ्रो लाइनपर्यंत येऊन वळून मारणं, हे सरांना चालतं का ते विचारा. ते रिंगखाली नाही आणि लांबूनही नाही. डर्कने २००७ नंतर बस्तान मांडलं ते त्याच जागेवर. तिथून दोन्ही बाजूंना पास देता येतो, त्यामुळे कोचलाही ते पटवता येतं.

रेवा_नागपूर

बापूकाका, शंभर टक्के अनुमोदन. फ्री थ्रो लाइनची ती जागा शाळेच्या पातळीवर कोणी धरतच नाही, झोन बचाव (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) मोडायला तर अगदी रामबाण.

निनाद, आणखी एक. मुलीला डर्कच्या जोडीने एलेना डेल डॉनही दाखवा. सहा फूट पाच इंच उंची, हात गार्डसारखा. २०१५ आणि २०१९ ची डब्ल्यूएनबीए (महिलांची एनबीए) एमव्हीपी. वर आकडेमोड यांनी जे ५०-४०-९० सांगितलं ते त्या लीगमध्ये पहिल्यांदा तिने केलं, २०१९ मध्ये. त्याच वर्षी पाठीच्या तीन चकत्या सरकलेल्या असताना वॉशिंग्टनला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. चौदा वर्षांच्या मुलीला आपल्यासारखी दिसणारी कोणीतरी कोर्टवर दिसली की फार फरक पडतो. मला त्या वयात तसं कोणी दिसलं नव्हतं.

निनाद_ठाणे

बापूकाका, रेवाताई, दोघांचे प्रतिसाद प्रिंट काढून घरी भिंतीवर लावतोय. सोसायटीतला चेंडू सात नंबरचाच आहे, आज सहा नंबरचा आणतो. डेल डॉनचे सामने उद्यापासून. फ्री थ्रो लाइनच्या जागेबद्दल सरांशी शनिवारी बोलणार आहे, मुलीला सोबत घेऊन. तिनेच विचारावं असं बायकोचं म्हणणं, आणि मलाही ते पटलंय.

उगाच_विचारतो

इतकं वाचल्यावर मलाही बघावंसं वाटायला लागलंय. पहिल्यांदा बघणाऱ्याने डर्कचा कुठला सामना बघावा?

आकडेमोड

@उगाच_विचारतो, २०११ चा ओक्लाहोमाविरुद्धचा पहिला सामना, १७ मे. गुणफलक बघू नका, त्याचे पाय बघा. चेंडू हातात येण्याआधीच पाय कुठे रोवतो आणि बचावपटू बदलला की किती थोडं सरकतो. ओक्लाहोमाने त्याच्या अंगावर एकामागोमाग एक माणसं बदलून पाहिली. उंच घातला तर तो बाहेरून मारतो, बुटका घातला तर पाठीवर घेऊन डोक्यावरून. २००७ ला डॉन नेल्सनने घातलेलं कोडं त्या रात्री प्रत्येक वेळी सुटताना दिसेल.